तल्लीनता : चार

तृप्ती मगदूम बाईंचा मत्सर नेमका कधी सुरू झाला, ते अगदी तारीखवार सांगता येतं. तीस जून, सोमवार, सकाळचे साडेदहा. तळेवाडी हायस्कूलच्या नव्याकोऱ्या ग्रंथालयात ईश्वरी कुराडे नावाची सव्वीस वर्षांची मुलगी स्टुलावर चढून वरच्या कप्प्यात पुस्तकं लावत होती, आणि खाली उभी राहून तिच्या हातात एकेक पुस्तक देत होती खुद्द बाईंची लेक, ऋजुता. नववीतली. घरी सांगितल्याशिवाय पाण्याचा तांब्या न भरणारी. आणि इथे बघा, न सांगता हमाली चाललेली, वर गप्पा आणि हसणं.

"अगं आई, ईश्वरी मॅडम सांगतायत की पुस्तकं रंगानं लावायची," ऋजू म्हणाली.

"लाव की," बाई म्हणाल्या. "रंगानंच शोधायची असतात ना पुस्तकं."

ईश्वरी हसली. तिला तो टोमणा कळलाच नाही, आणि ते बाईंना जास्त लागलं.

आता ईश्वरी तिथे आली कशी, ते सांगायला हवं. कायद्यानं आली. 'विद्यार्थी वाचनहक्क कायदा' त्याच वर्षी लागू झाला होता. कायदा चांगला होता, त्यात वादच नाही. प्रत्येक शाळेला ग्रंथालयाची वेगळी खोली हवी. पूर्णवेळ ग्रंथपाल हवा. वेळापत्रकात रोज एक तास वाचनाचा, आणि त्या तासाला गणिताच्या सरांनी 'पोर्शन राहिलाय' म्हणून डल्ला मारायचा नाही. कुठल्याही मुलाला 'पुस्तक फाटेल' असं सांगून परत पाठवायचं नाही. या कायद्यासाठी मगदूम बाईंनी सह्या गोळा केल्या होत्या, तालुक्याला मोर्चात चालल्या होत्या. त्याआधीची एकोणीस वर्षं तळेवाडीचं ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली मराठीच्या मगदूम बाईंच्या पर्समध्ये असायची. मधल्या सुट्टीत त्या कपाट उघडत. मुलं रांग लावत. कुणाला काय द्यायचं ते बाई चेहरा बघून ठरवत.

कायद्यात अशा जुन्या माणसांसाठीही सोय होती. दहा वर्षांहून जास्त ग्रंथालय सांभाळलेल्या शिक्षकानं ग्रंथपालाचा कोर्स केला, तर त्याला त्या पदावर हक्क सांगता येत होता. बाईंनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पत्राद्वारे कोर्स केला, पहिल्या वर्गात पासही झाल्या. पण सरकारनं तोवर ईश्वरीला नेमून पाठवलं होतं. मग मुख्याध्यापक कांबळे सरांनी नियम वाचून दाखवला. एक वर्ष दोघींनी मिळून काम बघायचं. डावी भिंत मगदूम बाईंची, उजवी कुराडे मॅडमची. मार्चमध्ये तपासणी अधिकारी येतील. ज्या भिंतीत मुलं जास्त रमली, ती ग्रंथपाल कायम. दुसरी आपल्या जुन्या जागी.

आणि मुलं किती रमली, हे मोजायला पट्टी होती.

ही पट्टी म्हणजे चिकटपट्टीएवढी पातळ, पारदर्शक चीज. पुस्तकाच्या दोन्ही पुठ्ठ्यांवर, जिथे वाचणाऱ्याची बोटं टेकतात नेमकी तिथे ती लावायची. माणूस गोष्टीत बुडाला की त्याच्या बोटांना ते कळतं, असं शास्त्रज्ञांना आढळलं होतं. आपल्या बोटांच्या टोकांना घामाच्या बारीक ग्रंथी असतात आणि त्या आपलं ऐकत नाहीत. गोष्टीत नायिका दार उघडते, आत कोण आहे ते कळत नाही, त्या क्षणी या ग्रंथी आपल्या नकळत किंचित ओलावतात. पट्टीतून जाणारा अगदी सूक्ष्म, न जाणवणारा विद्युतप्रवाह त्या ओलाव्यानं बदलतो. शिवाय अंगठ्यातली नाडी पट्टीला कळते, आणि माणूस रमला की नाडी, श्वास नि पानं उलटण्याची गती एका लयीत येतात. या सगळ्याचा हिशोब होऊन शंभरपैकी एक आकडा निघतो. त्याला नाव होतं 'तल्लीनता'. पुस्तक हातात धरून मनात क्रिकेट खेळणाऱ्याची तल्लीनता दहाच्या वर जात नसे. खऱ्या वाचणाऱ्याची सत्तर, ऐंशी. पूर्वी शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी बसून वाचनाची रजिस्टरं भरायच्या, म्हणून कायदा करणाऱ्यांना ही पट्टी आवडली. रजिस्टर खोटं बोलतं, बोटं बोलत नाहीत, असं मंत्री सभागृहात म्हणाले आणि बाकं वाजली.

पट्ट्यांचा खोका जूनमध्येच आला होता. सोबत बारीक अक्षरात चार पानांचं माहितीपत्रक. आयुष्यभर मिळेल ते वाचलेल्या मगदूम बाईंनी ते तेवढं वाचलं नाही, फाइलला लावून टाकलं. पट्ट्या मात्र स्वतः बसून चिकटवल्या. आणि मग, एवढ्या नाजूक पट्ट्या पोरांच्या घामट हातांनी निघून येतील म्हणून, डाव्या भिंतीवरच्या सगळ्या पुस्तकांना वरून खाकी कव्हरं घातली. कोपरे दुमडून, आतून डिंक लावून, वर पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर आपल्या वळणदार अक्षरात नाव. पुस्तकाला कव्हर नसणं म्हणजे बाईंच्या लेखी पोराला चड्डी नसणं. ऋजूची पहिलीपासूनची सगळी पुस्तकं जूनच्या पहिल्या रविवारी अशीच बाईंच्या हातून गेलेली.

ईश्वरीची पुस्तकं उघडीबोडकी राहिली. "चित्रं दिसू देत ना मॅडम," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये ग्रंथालयातल्या संगणकाच्या पडद्यावर पहिले आकडे आले. उजवी भिंत एकाहत्तर. डावी भिंत पाच.

बाईंनी चष्मा पुसला. पाचच होते. कांबळे सर मागे उभे राहून म्हणाले, "अहो, सुरुवात आहे. मुलांच्या आवडी बदलल्यात आता, चालायचंच." ते सहानुभूतीनं म्हणाले आणि बाईंना वाटलं, यापेक्षा त्यांनी ओरडायला हवं होतं.

त्या दिवसापासून बाई रोज संध्याकाळी पाच वाजता घरी जायच्या आधी पडदा उघडायला लागल्या. आधी भिंतीचा आकडा बघायच्या, मग पुस्तकाचा, मग मुलाचा. सहावीतला तो मोमीन, जो बाईंच्या कपाटातलं शिकारीचं पुस्तक तीनदा घेऊन गेला होता, त्याची तल्लीनता सहा. सातवीच्या त्या दोघी मैत्रिणी, ज्यांनी 'बाई, भुताचं अजून एक द्या ना' म्हणून पाठ सोडली नव्हती, त्या तीन आणि पाच. म्हणजे एकोणीस वर्षं ही पोरं आपल्याला बरं वाटावं म्हणून रांगेत उभी राहत होती की काय? बाईंनी एकेकाचा चेहरा आठवून बघितला आणि प्रत्येक चेहरा आता त्यांना लबाड दिसायला लागला.

ऋजूचं नाव बघायचं त्या टाळत होत्या. गणपतीच्या सुट्टीनंतर एकदा बघितलंच.

झालं होतं असं. बाईंच्या लहानपणी त्यांना एक पुस्तक मिळालं होतं, समुद्रातल्या दीपगृहात आजारी बापाबरोबर राहणाऱ्या आणि बाप गेल्यावर एकटीनं दिवा पेटता ठेवणाऱ्या मुलीचं. ते पुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं, लेक चौदाची झाली की द्यायचं म्हणून. या वर्षी ते त्यांनी आपल्या भिंतीवर ठेवलं आणि पहिलं ऋजूच्या हातात दिलं. ऋजूनं दोन दिवसांत परत आणलं. "छान होतं गं आई," एवढं म्हणाली आणि गळ्यात पडली. बाई आठवडाभर तरंगत होत्या.

पडद्यावर लिहिलं होतं: ऋजुता मगदूम. उघडलं : तीन तास दहा मिनिटं. तल्लीनता : चार.

खाली, उजव्या भिंतीवरचं एक पुस्तक. तल्लीनता : एक्याण्णव.

त्या संध्याकाळी ऋजूनं विचारलं, "आई, तुझ्याकडचं अजून काही दे ना."

"ईश्वरी मॅडमकडं माग," बाई म्हणाल्या. "ते तुला आवडतं."

"तुझंपण आवडतं."

"बरं," बाई म्हणाल्या आणि कणीक मळत राहिल्या. पोरगी तोंडावर गोड खोटं बोलते, तेही इतकं सहज, हे त्यांना सहन होईना. त्यानंतर त्यांनी तिला पुस्तक दिलं नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला, दिलं नाही. ऋजूनं दोनदा मागितलं, मग मागायची थांबली. मायलेकी एका घरात राहून जेवण, कपडे आणि परीक्षा एवढंच बोलायला लागल्या.

आणि ईश्वरी? तिचं सगळंच बाईंना खुपायला लागलं. ती मुलांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसते ते. डबा खाताना हसते ते. तिची ती पिवळी ओढणी. तिनं 'मॅडम' सोडून 'ताई' म्हणायला सुरुवात केली तेही. एकदा ईश्वरी तापानं दोन दिवस आली नाही, तर बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. लाज वाटली, पण हलकंही वाटलंच.

फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं, बघू तरी या बयेच्या पुस्तकांत एवढं काय आहे. शनिवारी उजव्या भिंतीवरचं सगळ्यांत जास्त आकड्याचं पुस्तक, ऋजूचं ते एक्याण्णववालं, त्यांनी आपल्या कार्डावर घरी नेलं. रविवारी दुपारी जेवणं आटोपली. ओट्यावर पीठ सांडलेलं, तेलाचे हात. दुसऱ्याचं पुस्तक खराब नको, म्हणून हातासरशी त्याला खाकी कव्हर घातलं आणि मग वाचायला बसल्या. दोष काढायला पेन्सिलही घेतली होती.

गोष्ट ट्रक चालवणाऱ्या एका बाईची होती. तिची मुलगी शेजारच्या सीटवर बसून अभ्यास करते, नकाशा वाचते, आईला झोप येऊ नये म्हणून बडबड करते. मग मुलगी मोठी होते आणि एक दिवस म्हणते, मला उतरव, मला माझ्या गावाला जायचंय. आई ट्रक थांबवते. पेन्सिल कधी गळून पडली ते बाईंना कळलं नाही. साडेचारला चहा मागायला आलेला त्यांचा नवरा दारातच थांबला.

"काय गं, कांदा चिरला काय?"

"चिरला," बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

सोमवारी सकाळी पुस्तक परत करताना पडदा उजळला. तृप्ती मगदूम. उघडलं : चार तास. तल्लीनता : चार.

बाई बघतच राहिल्या. कुणाच्या बोटांनी कुणाला फसवलं होतं? कालचं रडणं तर खरं होतं, उशीपर्यंत गेलं होतं. मग हा चार कुठला? आणि चारच का? लेकीला चार, आपल्यालाही चार. त्यांनी हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. खाकी कागद. मग डाव्या भिंतीकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत खाकी.

त्यांनी कव्हर फाडलं, रिकाम्या तासाला कोपऱ्यात बसून शेवटची तीस पानं पुन्हा वाचली. तल्लीनता : अठ्ठ्याऐंशी.

फाइल शोधून माहितीपत्रक काढलं. तिसऱ्या पानावर तळाशी होतं: त्वचा आणि पट्टी यांच्यामध्ये कोणतेही आवरण असू नये. बोट कागदावर टेकत होतं, पट्टीला काही कळत नव्हतं. पुठ्ठा वाकला की पट्टीला पुस्तक उघडल्याचं कळायचं, त्यामुळे उघडलेलं पुस्तक आणि थंडगार वाचक, एवढंच तिनं आठ महिने नोंदवलं होतं. जिथे ही पट्टी बनली तिथे कुणी पुस्तकांना कव्हरं घालत नसणार, नाहीतर त्यांनी ते पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापलं असतं.

म्हणजे मोमीन खरा होता. त्या दोघी खऱ्या होत्या. ऋजू खरी होती. बाईंनी खरं तर तेव्हाच उठून नववीच्या वर्गात जाऊन लेकीला मिठी मारायला हवी होती. पण आठ महिने आत जे साठलं होतं ते आधी वर आलं. तपासणीला तीन आठवडे होते. नियम असा की वर्षाची सरासरी नाही, तपासणीआधीच्या पंधरवड्याचा आकडा धरायचा, कारण सुरुवातीला मुलं नवखी असतात. एक पंधरवडा. आपली कव्हरं काढली तर आपण ईश्वरीच्या बरोबरीला येऊ. बरोबरीला. बाईंना आता बरोबरी पुरत नव्हती.

"ईश्वरी," त्या मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "तपासणी आली. तुझी पुस्तकं बघ कशी कळकट झालीत. मी कव्हरं घालून देते. माझी पण जुनी झालीत, काढूनच टाकते."

ईश्वरीचे डोळे भरून आले. "ताई, तुम्ही माझ्यासाठी? मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही."

"काहीतरीच," बाई म्हणाल्या.

दोघी दोन दिवस शाळा सुटल्यावर खाकी कागद घेऊन बसल्या. ईश्वरीला कोपरे दुमडता येत नव्हते, बाईंनी शिकवले. ईश्वरी सांगत होती, तिच्या शाळेत कपाट होतं पण कधी उघडलंच नाही, किल्ली हरवली म्हणायचे. "तुमच्यासारखी बाई मला असती तर," ती म्हणाली. बाई डिंक लावत राहिल्या. हात थांबला नाही, याबद्दल त्यांनी नंतर स्वतःला कधी माफ केलं नाही.

पंधरवडा सुरू झाला. डावी भिंत शहात्तर. उजवी भिंत पाच. कांबळे सर पडद्यापुढे उभे राहून म्हणाले, "जुनं ते सोनं म्हणतात ते उगाच नाही हो, मगदूम बाई." बाईंनी घरी जाताना पेढे घेतले. कशाचे, ते कुणाला सांगितलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली. आणि दीपगृहाचं पुस्तक, आता कव्हर काढलेलं, त्यांनी ऋजूच्या दप्तरावर ठेवलं. "पुन्हा वाच," एवढंच म्हणाल्या. ऋजूनं वाचलं. तल्लीनता : ब्याण्णव. एक्याण्णवपेक्षा एक जास्त. तो एक बाईंनी दिवसभर मनात घोळवला.

तपासणीच्या आदल्या दिवशी ऋजू शाळेतून आली आणि दप्तर न काढताच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. रडून डोळे सुजले होते.

"काय झालं गं?"

"ईश्वरी मॅडमनी मला विचारलं, माझं पुस्तक तुला आवडलं नव्हतं तर आवडलं असं का म्हणालीस. मी म्हटलं, आवडलं होतं. त्या म्हणाल्या, पडद्यावर पाच आलेत ऋजुता, माझं मन राखायला खोटं बोलू नकोस." ऋजूनं नाक ओढलं. "मग म्हणाल्या, आता मगदूम मॅडमकडूनच पुस्तक घेत जा." ती आईकडे बघायला लागली. "आई, त्यापण आता तुझ्यासारखंच बोलायला लागल्या. मी काय केलंय?"

गॅसवर भात लागला, वास आला, तरी बाई उभ्याच.

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी वाघमोडे मॅडम आल्या. ठेंगण्या, कापसाची साडी, पायात चपला. त्यांनी पडदा बघितला, मान हलवली, आणि शिफारशीच्या कागदावर लिहायला पेन काढलं. ईश्वरी भिंतीला टेकून उभी होती. पंधरवड्यात तिची पिवळी ओढणी कुणी बघितली नव्हती.

"थांबा मॅडम," मगदूम बाई म्हणाल्या. उजव्या भिंतीवरून त्यांनी ट्रकवाल्या बाईचं पुस्तक काढलं आणि वाघमोडे मॅडमच्या हातात दिलं. "याची शेवटची दहा पानं वाचा. आम्ही थांबतो."

वाघमोडे मॅडमनी आश्चर्यानं बघितलं, पण वाचायला बसल्या. वाचता वाचता त्यांनी पर्समधून रुमाल काढला. वाचून झाल्यावर बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. तल्लीनता : चार.

"हा चार खरा आहे का मॅडम?" बाईंनी विचारलं. मग खाकी कव्हर सर्रकन फाडून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. जूनमधलं, आणि या पंधरवड्यातलंही. कांबळे सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मग ईश्वरी म्हणाली, "ताई, पंधरा दिवस मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

"मला सहा महिने वाटत होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मला ठाऊक होतं कुठं दुखतं ते. ठाऊक असून केलं."

वाघमोडे मॅडमनी रुमाल घडी करून ठेवला. पद ईश्वरीला मिळालं. पट्टीचा आकडा कुणाच्या नेमणुकीसाठी धरू नये, अशी शिफारस त्यांनी अहवालात केली, ती पुढच्या अधिवेशनात मांडली जाईल म्हणाल्या. लोखंडी कपाटाची किल्ली बाईंनी पर्समधून काढून ईश्वरीच्या हातात ठेवली. ईश्वरीनं ती घेतली, पण त्या दिवशी 'ताई' म्हणाली नाही. पुढच्या जूनमध्ये म्हणाली, तेही अर्ध्या आवाजात. उरलेल्या सगळ्या पुस्तकांना मात्र तिनं स्वतः खाकी कव्हरं घातली, म्हणजे आता दोन्ही भिंती खाकी. पडदा तिनं बंदच ठेवला. आवडलं का ते मुलांनाच विचारू, ती म्हणाली.

मे महिन्यातल्या एका दुपारी ऋजू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर दोन पुस्तकं, दोन्हींना कव्हर, एक आईचं, एक ईश्वरी मॅडमचं. दोन्ही वाचून झालेली.

"कुठलं आवडलं?" बाईंनी विचारलं. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला.

ऋजूनं विचार केला. खोटं बोलायचं की नाही, हे ती आईच्या चेहऱ्यावर शोधत होती. मग तिनं ठरवलं.

"ईश्वरी मॅडमचं. थोडं जास्त."

बाईंना तोच जुना मत्सर डसला, गेल्या जूनमध्ये स्टुलाशेजारी डसलेला. पण या वेळी उत्तर पडद्यावर नव्हतं, लेकीच्या तोंडून होतं, आणि त्यांचा त्यावर पूर्ण विश्वास बसला. 'थोडं म्हणजे किती?' हे अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी ते गिळलं आणि भेंडी चिरायला घेतली.